पुलियाच्या ताटातले गव्हले

लंडनमधल्या स्टॅनमोरच्या काकूंचं आधी सांगते, बाकीचं मागाहून. या निवृत्त डॉक्टर. नात्यातल्या कुणी नाहीत. मी त्यांच्याकडे पोळ्या करायला जायचे. माझी शाळा नववीत सुटली, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण त्यांनी ते कधी कुणापुढे काढलं नाही.

काकूंची एक जुनी इटालियन मैत्रीण कॉव्हेंट्रीत रेस्टॉरंट चालवते. तिच्या मुलीचं हॅरोत दुसरं निघत होतं आणि हाताने पास्ता करणारी बाई हवी होती. काकू म्हणाल्या, "जेवायला म्हणून जाऊ. जमलं तर विचारू." याआधीचे तीन अर्ज मी शिक्षणाच्या रकान्यापर्यंत नीट भरले होते आणि तिथेच सोडले होते.

गाडीत नवरा होता, आणि त्याचा ब्रॅकनेलचा मित्र. हा मित्र चार दिवस इटलीत राहून आला होता, म्हणजे आता इटलीला काही शंका आली तर यालाच विचारायची.

कॉव्हेंट्रीत काकूंच्या मैत्रीणबाईंनी इटलीतल्या प्रांताप्रांताच्या लहान लहान प्लेट्स मांडल्या. रोमचा अंडं-चीजचा पास्ता आला. मी विचारलं, "यात क्रीम असतं ना?" "क्रीम? रोममध्ये?" म्हणत मित्राने डोळे मिटून घेतले, जणू त्याच्या घरचं कुणी गेलं. मग उत्तरेकडचा पोलेंटा. चाखला तर मक्याच्या कण्या. आमच्याकडे कण्या तापकऱ्याला देतात.

"रस्टिक आहे, वहिनी," मित्र म्हणाला. "हळूहळू टेस्ट डेव्हलप होते."

"ताप आला की लगेच होते," मी म्हटलं. नवऱ्याने टेबलाखालून पाय दाबला.

शेवटी दक्षिणेतल्या पुलियाचा पास्ता आला, कानाच्या पाळीसारख्या इवल्या वाट्या. मी एक उचलून उलटीपालटी करून बघत बसले. काकूंनी ते पाहिलं, घास तसाच ठेवला आणि मला थेट किचनमध्ये नेलं. "हिला पीठ दे," मैत्रिणीला म्हणाल्या.

बाईंनी रव्याच्या पिठाचा गोळा माझ्या हातात दिला. माझे हात आपले सवयीला लागले. चिमटीत पीठ, बोटावर वळ, परातीत टाक. आमच्याकडे लग्नातल्या खिरीचा गव्हला तांदळापेक्षा मोठा झाला की सासूबाई तो उचलून सगळ्या बायकांना दाखवायच्या. त्या भीतीने मी दहा मिनिटांत जेमतेम मूठभर केले, पण एकसारखे.

बाईंनी चष्मा लावला. "सुंदर. हे खाणार कोण, चिमण्या?"

मित्र दारातून डोकावला. "हा ऑर्झो झाला, तांदळाएवढा पास्ता. तो मशीनने करतात, वहिनी."

गेली नोकरी, असं वाटून मी पदराला हात पुसायला गेले, तर अंगात जीन्स.

"अगं, लग्नाची खीर नाहीये ही," काकू म्हणाल्या. "चौपट मोठे कर आणि अंगठ्याने दाब. सासूबाई कोल्हापुरात आहेत."

मी पीठ मोठं तोडलं, दाबलं, अंगठ्यावर उलटवलं. ट्रे भरायला लागला. बाईंनी एक वाटी उजेडात धरून पाहिली आणि मुलीला फोन लावला. सोमवारपासून ये म्हणाल्या.

मी वेड्यासारखं विचारलं, "अर्ज भरायचा ना?"

त्यांनी ट्रेकडे बोट केलं. "भरलास की."

परतताना मित्राने स्टॅनमोरपर्यंत आम्हाला ही वाटी हाताने कशी वळतात ते समजावलं. मी मन लावून ऐकलं. एवढी मोठी शिकवणी मला शाळेतही मिळाली नव्हती.

काकूंचे गुडघे अजून चालतायत. ते कुरकुरायच्या आत त्यांना पुलियाला नेणार आहे. मेन्यू मी वाचून दाखवीन, अडखळत का होईना, आणि तिथल्या एखाद्या म्हातारीच्या किचनमध्ये शिरून त्यांच्यासाठी गव्हल्यांची खीर करीन. तांदळापेक्षा बारीक.