बिद्रीच्या रस्त्यावर दिसायला शिकले

सकाळी सातला बहिणीची सायकल घेऊन निघाले. मी नाशिकची, कोल्हापुरात चार दिवसांची पाहुणी. बिद्रीपर्यंत जाऊन यायचा बेत होता.

कळंबा तलाव मागे पडला. दोन्हीकडे तुरे आलेला ऊस, हवेत गुळाचा वास. मी रस्त्याच्या अगदी कडेने, अंग चोरून चालले होते. तेवढ्यात एक वडाप (हात दाखवाल तिथे थांबणारी जीप) मला ओलांडून पुढे गेली आणि प्रवासी दिसताच कच्चकन थांबली. ब्रेक दाबला, सायकल घसरली, मी मुरमात!

"लागलं न्हाय न्हवं?" ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

मागून सायकलवर आलेली एक बाई त्याच्यावर कडाडली, "आरं, आरसा भांग पाडायला लावलाईस व्हय?"

तो ओशाळून हसला, मला पाण्याची बाटली देऊन गेला. बाईंचं नाव शालन. तीन गावांत टपाल वाटतात. खरचटलेला गुडघा त्यांनीच धुतला.

"पावणं, कडंला चिकटू नगा. चिकटलं की त्यास्नी वाटतं, तुम्ही न्हाईच. हातभर आत चालवा, दिसा की जरा! आन् इंडिकेटरवर जाऊ नगा. पुढचं चाक बघायचं. गाडी वळायच्या आधी चाक वळतंय."

"तुम्ही हे कुठे शिकलात?"

"हात मोडल्यावर शिकलो," त्या म्हणाल्या. (इथल्या बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात.) "घरात म्हटले, सोड सायकल. म्या म्हटलं, मग टपाल काय उडत जाणार?"

दोघी मागेपुढे निघालो. इस्पुर्लीच्या अलीकडे एका वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या. आम्ही रस्ता सोडून खाली मातीत थांबलो. ट्रॅक्टर पुढे गेला तशी मी पॅडल मारलं.

"थांबा!" शालनताईंनी माझं हॅन्डलच धरलं. "दुसरी ट्रॉली आत येती!"

खरंच आली. एवढ्या खाली उभ्या होतो, तरी उसाचा पाला माझ्या बाहीला सरसरून गेला.

मग एका गुऱ्हाळावर बसलो. त्यांनी डब्यातल्या चपात्या काढल्या, गुऱ्हाळवाल्याने वर गरम काकवी ओतली. बोटं चाटताना भीती जरा उतरली. पुढच्या फाट्यावर शालनताई टपाल वाटायला आतल्या गावाकडे वळल्या. मी बिद्रीच्या साखर कारखान्याची धुराडी बघून, चहा पिऊन परत फिरले.

दुपारी शहरात शिरताना मागे एसटी आली. मी वळून थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाहिलं, हात लांब करून उजवीकडे वळायचंय म्हणून दाखवलं. त्याने वेग कमी केला आणि मानेनेच 'जावा' म्हणून खुणावलं. आजवर मी सायकलवर बसले की मनातल्या मनात प्रत्येक गाडीची माफी मागायची. रस्ता नुसता मागितला तरी बरेच लोक देतात, हे पन्नाशीत कळलं. न देणाऱ्यांसाठी ब्रेकवर बोटं होतीच.

दारात उतरले तर बहीण गुडघ्याकडे बघत म्हणाली, "भीती नाही वाटली?"

"वाटली की! म्हणून तर सगळीकडे नीट बघत आले."