खालून वर

देवाजी साडभाऊ कोणताही कागद खालून वर वाचत. लग्नपत्रिकासुद्धा. "सरकार काय देते ते वर ठळक लिहिते, काय देत नाही ते खाली बारीक. मंग खालूनच सुरू करावं का नाही?"

माझी बायको मंदा, तिच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये काट्यावर धान मोजायचे, शिक्षण दहावी. मी बालाघाटला शाळामास्तर, एम. ए. तरी लांजीला सासुरवाडीत पंख्याखालची खुर्ची त्यांची आणि दाराजवळचं स्टूल माझं. जळायचो मी. उघड नव्हे, गोवरीसारखा, धुमसत.

एकदा सासूबाईंना चक्कर येत होती. संधी साधून मी त्यांना विम्याच्या सरकारी कार्डासकट डॉक्टरकडे नेलं आणि फी मागितल्यावर कार्ड नाचवत शुद्ध मराठीत, मग अशुद्ध हिंदीत भांडलो. संध्याकाळी साडभाऊ आले, कार्डासोबतचा कागद खालून वाचला. "मास्तर, दवाखान्यात खाट धरली तं कार्ड. उभ्या उभ्या गोळी लिहून घेतली तं आपला खिसा."

"त्याईले इचारून जायचं होतं, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण खरा काटा त्याहून जुना होता. दोघी बहिणींना दुसरं मूल झालं, तेव्हा ऑपरेशन कोणी करायचं हा प्रश्न दोन्ही घरांत आला. साडभाऊ सरळ सरकारी दवाखान्यात जाऊन नसबंदी करून आले. "तिनं दोनदा जीव टांगणीला लावला. माह्या दहा मिनिटांनं काय होते?" मिलमधले हमाल हसले, कमजोरी येते म्हणाले. महिन्याभरानं साडभाऊंनी त्यांच्यासमोर धानाचं पोतं पाठीवर घेऊन अंगणाला फेरी मारली. पुढे त्याच हमालांना ते दवाखान्यात नेत. "याले कार्ड लागत नाही रे, हिंमत लागते."

मी मात्र मंदाला म्हणालो होतो, "मला मग वजन उचलता येणार नाही." उभ्या आयुष्यात खडूपेक्षा जड काही न उचललेला माणूस! मंदानं पिशवी भरली. ऑपरेशन तिनं करून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी जेवताना ती सहज म्हणाली, "भाऊजीसारखा मानूस पाहाले भेटत नाही." दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि कोणाला न सांगता दवाखान्यात जाऊन नसबंदीचा फॉर्म भरला. सही ठोकली. मागून आवाज आला, "मास्तर, तुमी?"

साडभाऊ एका हमालाला घेऊन आले होते. त्यांनी फॉर्म घेतला, बोट तळाशी ठेवलं आणि वर सरकवत नेलं. "नवरा-बायकोतून एकाचं ऑपरेशन झालं असंल तं दुसऱ्याचं करत नाही. मंदाचं झालं ना?"

"पण मी स्वतःहून आलोय!"

"हौ, पण काहून?"

"तुमच्यामुळे," मी म्हणालो. "घरात मान तुम्हालाच आहे."

ते हसतील वाटलं. हसले नाहीत. "बारा वर्षं उशीर झाला तं कोणत्या खिडकीवर अर्ज लावायचा, मले माहीत नाही. पण मंदा सिलिंडर उचलताना पोटाले हात लावते. पाह्यलं का कधी?"

मी पाहिलं नव्हतं.

"आमची सांगते. थंडीत टाक्याजवळ दुखते म्हणे तिले." फॉर्मची घडी करून त्यांनी खिशात घातली. "हे असू द्या माह्यापाशी."

मागच्या उन्हाळ्यात साडभाऊ काट्यावरच छातीत कळ येऊन गेले. तेरवी झाल्यावर बहिणीनं मंदाच्या हाती एक घडी केलेला फॉर्म दिला. त्यांच्या कार्डाच्या पिशवीत होता, वर माझं नाव होतं.

घरी मंदानं तो दोनदा वाचला. मी वाट पाहत होतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावावर काहीतरी होतं. तिचे डोळे भरून आले.

"पाहा," ती म्हणाली, "भाऊजीनं कोनाले सांगितलंबी नाही. असा मानूस!"

म्हणजे याचंही श्रेय तेच घेऊन गेले. मी उठलो. स्वयंपाकघरात सिलिंडर संपला होता. भरलेला आत न्यायला वाकलो.

"राहू द्या," मागून मंदा म्हणाली, "तुमाले वजन उचलता येत नाही ना?"

पण या वेळी ती हसत होती. मी उचलला.