मुकीने पाहिलं होतं

घरात तिला सगळे मुकी म्हणत. कुणी आवाज चढवला की हिची दातखीळ बसायची. हीच मुकी को-पायलट झाली तेव्हा मावशी म्हणाली, "अगं, विमान तरी बोलून चालवशील ना?" आणि गंमत बघा, विमान खरंच बोलून चालवायचं असतं! एकाने कुठलंही बटण दाबलं की मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने बघून "पाहिलं" म्हणायचं. नियमच आहे तसा.

त्या दुपारी विमान कॅप्टन उतरवत होते. पंचवीस वर्षांचा अनुभव, आणि जीभ इतकी तिखट की विचारू नका. सकाळीच तिला झापलं होतं, "मला शिकवू नकोस." धावपट्टी समोर दिसत असताना त्यांच्या अंगठ्याने एक बटण दाबलं. इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारं यंत्र बंद पडलं. कॅप्टन अवाक्षर बोलले नाहीत. मुकीने पाहिलं. सरांना माहीत असेलच, अशी तिने मनाची समजूत घातली.

कुठलं माहीत! अंगठा नकळत पडला होता. रोज यंत्रच वेग सांभाळायचं, आजही सांभाळतंय असं धरून ते निवांत होते. हात इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या लिव्हरवर, पण नुसताच ठेवलेला. वेगाचा आकडा उतरू लागला. एकशे चाळीस. एकशे तीस. तिची नजर आकड्यावरच खिळली. एकशे बावीस. बोल ना गं बये! मागे एकशे ऐंशी माणसं बसलीत!

"सर, स्पीड!" ती किंचाळलीच. "ऑटो बंद आहे!"

कॅप्टननी दचकून लिव्हर पुढे रेटले. विमान थरथरलं, खालची छपरं नको तितकी जवळ आली. दोघांनी जीव मुठीत धरला. मग कुठे विमान वर निघालं.

दुसऱ्या खेपेला ते नीट उतरले. प्रवासी उतरून गेल्यावर कॅप्टन तिच्याकडे वळले.

"बंद झालंय हे तुला कधी कळलं?"

ओरडले तेव्हाच, असं म्हणून सुटता आलं असतं.

"तुम्ही दाबलंत तेव्हाच, सर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची भीती वाटली. विमान पडायची वाटत होती, त्याहून जास्त."

कॅप्टननी घडल्या प्रकाराच्या रिपोर्टचा कागद तिच्यापुढे सरकवला. "हेच लिही. शब्दही बदलू नकोस."

तिने लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.