क्रेगरॉयच्या काकू

पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाला काकू चपला काढूच देत नसत. "आधी टेकडी, मग चहा," म्हणत आणि स्वतःही पायात चपला सरकवून त्याच्याबरोबर बाहेर पडत.

सिंगापुरातली ती टेकडी म्हणजे दोन वळणांचा चढ. वर चार मजली जुनी इमारत. खाली मी भाडेकरू, वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या काकू एकट्या. टेकडीचं नाव क्रेगरॉय. "रॉय म्हणजे कोणी बंगाली नव्हे हो! तांबडा कडा, असा अर्थ," हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल! जायफळाची बाग लावायला आलेल्या एका स्कॉटिश माणसाने आपल्या गावच्या डोंगराचं नाव इथे दिलं. झाडं रोगाने गेली, बंगला पडला, नाव राहिलं.

तो मूळ डोंगरही काकू पाहून आल्या होत्या. स्कॉटलंडच्या सहलीतले बाकीचे लोक किल्ले बघत होते तेव्हा काकू पावसात चिखल तुडवत होत्या.

"पर्वतीएवढासुद्धा नाही रे! पण तिथल्या जमीनदाराने मेंढ्या पाळायला अख्खं गाव उठवलं. हा जायफळवाला त्यातलाच. घर गेलं, तरी नाव घेऊन आला. आपली आडनावं तरी वेगळं काय करतात?"

२००७ च्या आसपास जुन्या इमारती अख्ख्याच्या अख्ख्या बिल्डरला विकायची लाट आली. बहुतेक मालकांनी सह्या केल्या की उरलेल्यांनाही जावं लागे. आमच्या इमारतीच्या विक्री कमिटीचे मिस्टर लिम काकूंकडे खेटे घालू लागले.

"ऑण्टी, एव्हरीबडी साइन ऑलरेडी. ओन्ली यू लेफ्ट."

"सो यू हॅव एव्हरीबडी. व्हॉट फॉर यू नीड मी?" आणि मला मराठीत, "मेंढ्या आल्या बरं का!"

मीही एकदा समजावून पाहिलं. "काकू, जावं तर लागणारच आहे."

"जाईन की. पण जाते म्हणून माझ्या हाताने लिहून देणार नाही."

नाहीच दिलं. मला त्यांच्या हट्टाचा राग यायचा, आणि त्याहून जास्त अभिमान वाटायचा.

इमारत गेली. काकू तोआ पायोहच्या सरकारी वसाहतीत नवव्या मजल्यावर राहायला गेल्या आणि सामान सोडायच्या आधी दाराशेजारी पितळी पाटी ठोकली: क्रेगरॉय.

"इथे कसली टेकडी, काकू?"

"लिफ्ट बंद पडू दे, मग विचार."

काकू वारल्या तेव्हा मुलगा मेलबर्नहून घर आवरायला आला. त्याने पाटीचा पहिला स्क्रू काढला, तोच शेजारच्या चिनी आजी बाहेर आल्या.

"कॅनॉट!" त्या कडाडल्या. "हिअर क्रेगरॉय."

"ऑण्टी, घर विकलंय," मुलाने इंग्रजीत समजावलं. आजी त्याच्या आणि पाटीच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. हलेचनात.

शेवटी त्याने तो स्क्रू परत बसवला.