टाकीचा खटका

माझी आत्या कपडे धुण्याची आणि सुकवण्याची मशीनं दुरुस्त करते. आधी ती मशीनच्या कारखान्यात दारांना रबर बसवायची. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरच्या बायकांनी शिवणकाम धरलं, हिने पाना-पक्कड.

गेल्या वर्षी तिला एका घरून बोलावणं आलं. बाप-लेक दोघंच राहायचे. वडील पुस्तकं बांधायचे, म्हणजे बाइंडर, आता निवृत्त. मुलगी एका कचेरीत. त्यांचा ड्रायर तीन महिने गळत होता. आधीच्या एका कारागिराने दाराचं रबर बदललं, दुसऱ्याने पंप. दोघं गेले की पाणी पुन्हा हजर.

"मी कामावरून येते तर पॅसेजमध्ये तळं," मुलगी म्हणाली. "मी अगदी हात टेकलेत."

आत्याने गुडघे टेकून सगळं पाहिलं. या ड्रायरमध्ये कपड्यांतली वाफ आतच गार होते, तिचं पाणी तळाशी साचतं आणि पंप ते वरच्या खणातल्या टाकीत चढवतो. गळायच्या जागा मोजक्या. तळाच्या खड्ड्यात कपड्यांचं तूस अडकलं नव्हतं, रबर धड होतं, गार करणारी पेटी घट्ट बसलेली. टाकी लावून तिने तासभर मशीन चालवलं. फरशी कोरडी ठाक.

"तुमच्यासमोर हे शहाणं होतं," मुलगी म्हणाली.

"एरवी मशीन लावतं कोण?"

"बाबा. दुपारी. मी कुठे असते घरी?"

मुलगी कामावर गेली. आत्या तिथेच स्टूल ओढून बसली.

"काका, तुम्ही रोज करता तसं करा. मी नुसती बघते."

त्यांनी डाव्या हाताने टाकी ओढली, मोरीत रिकामी केली, पुन्हा खणात सरकवली आणि उजव्या हाताचा अंगठा लावून दाबली. मग बटण दाबून खुर्चीत बसले. अर्ध्या तासाने खणाखालून पाण्याची बारीक धार निघाली आणि पत्र्यावरून फरशीवर आली. आत्याने टाकीवर बोट ठेवलं. ती बोटभर बाहेर होती. वर आलेलं पाणी टाकीत न पडता बाजूने खाली जात होतं.

"शेवटपर्यंत बसली नाही, काका."

"बसली की. खटका वाजला ना."

'नाही वाजला' असं ठोकून देणं आत्याला सोपं होतं, पण खटका वाजला की नाही, ते तिला कळलंच नव्हतं. कारखान्यातल्या पत्र्याच्या आवाजाने तिचा डावा कान गेला होता, उजवा अर्धामुर्धा उरला होता. आम्हा घरच्यांना हे ठाऊक होतं. गिऱ्हाइकांपासून तिने ते वर्षानुवर्षं लपवलं. ओठांकडे बघून ती बरोबर उत्तर द्यायची.

त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "मला ऐकू येत नाही, काका. वाजला तरी नाही, न वाजला तरी नाही. म्हणून मी बोटाने बघते."

मग त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठ्याखालचा उंचवटा बसून सपाट झाला होता.

"या हाताने जाड जाड पुस्तकं दाबून बसवली मी. आता सदऱ्याचं बटण लागत नाही. सध्या मी बिनबटणाचे घालतो. मुलीला वाटतं, मला आवडतात." जरा थांबून ते म्हणाले, "तिला सांगू नका, बाई."

"मशीन धड आहे, एवढं तर मी सांगणारच. पुढचं तुम्ही सांगा." मग तिला राहवलं नाही. "एकदा एका मशीनचं बेअरिंग कर्कश ओरडत होतं म्हणे. मी झालं चांगलं म्हणून सांगून घरी आले. आठवड्यात ते मोडलं. तेव्हाही मी कान सोडून बाकी सगळ्याला दोष दिला."

संध्याकाळी त्यांनी मुलीला सांगितलं. आत्याला हे नंतर मुलीकडूनच कळलं. ती आधी ओरडली: तीन महिने फरशी पुसतेय मी, दोन माणसं बोलावली, आणि तुम्ही एक शब्द काढला नाहीत. मग तिने त्यांचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट दाबून विचारत राहिली, इथे कळतं का, इथे कळतं का.

डॉक्टरांनी सांगितलं, मनगटातली नस दबलीय. उशीर झालाय, पण फार नाही. शस्त्रक्रिया झाली. बोटांच्या मुंग्या गेल्या. अंगठ्यात जोर आला, पण पुस्तक बांधण्याइतका नाही. टाकी आता सकाळी मुलगी लावते, आणि त्यांना ते फारसं आवडत नाही.

आत्याचं म्हणाल तर ती हल्ली दारातच सांगते, "मला कमी ऐकू येतं, जरा मोठ्याने बोला." दोन गिऱ्हाइकांनी तिला पुन्हा बोलावलं नाही. बाकीचे बोलतात मोठ्याने. काही जण इतकं मोठ्याने बोलतात की शेजारी दार उघडून बघतात, भांडण कुठे लागलंय म्हणून.