ठोकळ्यातलं तिसरं भोक

फोन वाजला तेव्हा माझ्या हातात सुई होती. परळच्या एका लॅबमध्ये मी रक्त घ्यायचं काम करते, आणि समोरच्या आजोबांची शीर मोठ्या मुश्किलीने सापडली होती. फोन दोनदा वाजून थांबला. नळी भरली, कापूस दाबला, आजोबांना हात दुमडून धरायला सांगितला आणि मग पाहिलं. नवऱ्याचा मेसेज होता, 'ताई गेली.' म्हणजे माझ्या नणंदबाई, शालिनीवन्सं. सकाळचा चहा घेऊन खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. मला पहिल्यांदा काय आठवलं ते सांगायला थोडी लाज वाटते... गाडीचा बोल्ट. येत्या रविवारी आम्ही दोघी तो नीट करणार होतो.

वन्सं एका बस डेपोच्या स्टोअरमध्ये होत्या. सुटे भाग काढून द्यायचे, चिठ्ठीवर सही घ्यायची. नट नुसता बोटांत फिरवून साइझ सांगायच्या. पण 'बाई, तुम्ही फक्त द्या, लावायचं आम्ही बघतो,' हे ऐकतच निवृत्त झाल्या, आणि पुढच्याच महिन्यात एक जुनी व्हॅन घेऊन आल्या. चालवायला कमी, खोलायला जास्त. लग्न त्यांनी केलं नाही. लालबागला आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर त्या आणि सासूबाई राहायच्या. सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या. टॅक्सीत वाकून शिरणं त्यांना जमत नाही, व्हॅनचं सरकतं दार मात्र जमतं. त्यामुळे महिन्यातून एकदा वन्सं त्यांना गिरगावात धाकट्या बहिणीकडे, चिमीमावशीकडे न्यायच्या. मावशींना अंथरुणातून उठवत नाही. या दोघी बहिणींचं भेटणं त्या गाडीवरच होतं.

या वर्षी गाडीची क्लच प्लेट गेली. ती बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवायला लागतो. वन्संनी तो घरीच उतरवायचं ठरवलं, आणि हाताखाली मी. तीन रविवार आम्ही पार्किंगमध्ये सतरंजीवर आडव्या होऊन काम केलं. गिअरबॉक्स परत चढला. त्याला मागून आधार देणाऱ्या पट्टीचा शेवटचा बोल्ट मी आवळत होते. "बास," वन्सं म्हणाल्या. मला वाटलं, अजून थोडा. घट्ट म्हणजे घट्ट! आणि एकदम पाना लोण्यात फिरावा तसा फिरला.

"गेले भोकातले आटे," वन्सं शांतपणे म्हणाल्या.

"सॉरी हं, वन्सं."

"सुई टोचताना हात किती हलका असतो गं तुझा, नीता. पाना धरलास की पहिलवान होतेस." मग माझ्याकडे न बघता हात पुसत म्हणाल्या, "मी नाही हात लावणार. हे भोक तुझं, पुढच्या रविवारी तूच नीट करायचं."

तो रविवार त्यांच्याशिवाय आला. तेरावं झालं. गाडी चाकं उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवलेली, तशीच उभी होती आणि सोसायटीचे सेक्रेटरी येऊन सांगून गेले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण महिनाअखेर गाडी हलली नाही तर भंगारवाल्याला बोलवावं लागेल." नवऱ्याचंही तेच मत. "कोण चालवणार आता? देऊन टाकू." सासूबाई खिडकीशी बसून ऐकत होत्या. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. फक्त मला म्हणाल्या, "चिमीकडे जावचा होता गो माका. ताई गेली ता तिका मीच सांगतलंय. फोनार नको." मुलगी गेल्याचं बहिणीला स्वतः, समोर बसून सांगायचं होतं त्यांना. म्हणून मावशींना घरातून कुणी काही कळवलं नव्हतं.

मी वर जाऊन वन्संची हत्यारांची पेटी उघडली. नवे आटे पाडायचा टॅप, ड्रिल, तारेच्या बारीक गुंडाळ्या, सगळं आणून ठेवलेलं होतं. आणि शेजारी अॅल्युमिनियमचा एक ठोकळा. त्यात सरावासाठी भोकं पाडली होती. पहिल्याखाली मार्करने लिहिलं होतं, 'माझं, वाकडं'. दुसऱ्याखाली, 'माझं, बरं'. तिसऱ्या जागी नुसती खूण केलेली, आणि खाली, 'हिचं,'... स्वल्पविराम देऊन पुढे कोरं. म्हणजे बाई आधी स्वतः शिकत होत्या! सुट्या भागांबद्दल सगळं पाठ असलेल्या बाईंनीही पहिलं भोक वाकडंच पाडलं होतं, आणि ते लपवलं नव्हतं.

मी आधी ठोकळ्यावर, त्या तिसऱ्या खुणेवर भोक पाडून हात बसवला, मग रविवारी गाडीखाली गेले. डोळ्यांवर चष्मा, ड्रिलला किती आत जायचं त्या खुणेची चिकटपट्टी. बिघडलेले आटे कोरून काढले. मग टॅप. तो मुठीत धरला नाही, सिरिंज धरते तसा बोटांच्या टोकांवर धरला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटून पडतो. मागे यायला मला आयुष्यात कधी आवडलं नाही, पण टॅप ऐकत नाही. भोक आता मोठं झालेलं, म्हणून नव्या आट्यांत जुन्या मापाची तारेची गुंडाळी फिरवत बसवली, तिचं टोक तोडलं. बोल्ट हाताने, विनातक्रार आत गेला. शेवटी ठरावीक जोर आला की टक् करणारा तो पाना लावला. टक् झालं. मी थांबले. खरंच थांबले.

लायसन्स नुसतं काढून ठेवलेलं होतं; पुढच्या रविवारी गाडी मीच चालवली. सासूबाई मागे, मांडीवर खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. गिरगावात मावशींच्या पलंगाशी त्यांना बसवून मी बाहेर ओट्यावर आले. आतून आधी दोघींचं रडणं ऐकू आलं, आणि त्यानंतर, माझा विश्वास बसेना, हसणं. लहानपणी शालूने मावशीचं शिवणयंत्र खोलून ठेवलं होतं, त्याची गोष्ट चालली होती.

घरी परतल्यावर मी पुन्हा गाडीखाली गेले. बोल्ट तसूभरही हलला नव्हता. वर येऊन ठोकळा काढला, 'हिचं' पुढच्या कोऱ्या जागेवर मार्कर टेकवला. मोठं काही लिहिलेलं वन्संना खपलं नसतं. लिहिलं, 'बरं'.