काकूंची गाडी आणि दोन तारा

बंद पडलेल्या कुठल्याही वस्तूसमोर काकू आधी हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. मिक्सर असो की नळ. "हात नंतर. आधी बघू तर!"

बनारसला दूधविनायकाच्या गल्लीत मी त्यांचा भाडेकरू होतो. मी बँकेच्या बदलीवर आलेला, त्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. घरात त्या आणि त्यांच्या थोरल्या नणंदबाई, दोघीच. गुडघे गेल्यापासून नणंदबाईंनी गल्लीचं तोंडही पाहिलं नव्हतं. "वन्सं, तुम्हाला गंगेपार फिरवून आणते," असं काकूंनी कबूल केलं होतं. तेही दिवंगत यजमानांच्या जुन्या गाडीतून.

त्या गाडीचं इंजिन जाम झालेलं. काकूंनी हट्टानं दुसऱ्या गाडीचं बसवून घेतलं, पण ते चालू होईना. किल्ली फिरवली की खोकायचं, फटाका फुटल्यासारखा आवाज करायचं आणि गप्प. गॅरेजवाल्या मिस्त्रींनी कॉईल बदलली, प्लग बदलले. शेवटी म्हणाले, "मास्टरनीजी, हम तो हार गए." काकूंच्या दिरांनी लगेच भंगारवाल्याला सांगून टाकलं. तो दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता.

सकाळीच काकू मला घेऊन गॅरेजमध्ये गेल्या. बॉनेटसमोर उभ्या राहिल्या, हात पाठीमागे.

"ठिणगी पडतेय, पेट्रोल येतंय. म्हणजे ठिणगी भलत्या वेळी पडत असणार." मग मिस्त्रींना म्हणाल्या, "भैया, डिस्ट्रिब्युटर का ढक्कन खोलिए. अब इंजन हाथ से घुमाइए."

आतला रोटर, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं वीज वाटणारा छोटासा तुकडा, हळूच सरकला.

"अहो, हा उलटा फिरतोय!" काकू ओरडल्या.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. जुन्या इंजिनाचा रोटर सुलटा फिरायचा आणि प्लगच्या तारा त्यांनी सवयीनं त्याच क्रमानं लावल्या होत्या. त्यांनी चारपैकी समोरासमोरच्या दोन तारांची अदलाबदल केली, तेवढ्यानं सगळा क्रम उलटा झाला. काकूंनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा गुरगुरलं आणि धडधडत चालूच राहिलं. "हर हर महादेव!" मिस्त्री नाचायचेच बाकी होते. भंगारवाला आला, त्याला चहा पाजून परत पाठवलं.

संध्याकाळी आम्ही नणंदबाईंना खुर्चीत बसवून गल्लीतून गाडीपर्यंत उचलून आणलं. पूल ओलांडताना त्या काचेला नाक लावून गंगा बघत होत्या. रामनगरला पोचल्यावर काकू गाडी वळवू लागल्या.

"एवढ्यात परत?" नणंदबाई म्हणाल्या. "चल गं पुढे."

काकूंनी पदर खोचला आणि गिअर टाकला.